अण्णा गेले असं सांगत फिरलो तो हिवाळा

तुरी कापायला आल्या की माझं मन जागेवर राहत नाही. कुणाचं श्रावणात जातं, कुणाचं दिवाळीत; माझं तुरीच्या दिवसांत. पानं गळून जातात, शेंगा तपकिरी पडतात, आणि वारा सुटला की सगळं रान खुळखुळायला लागतं. नेमक्या याच दिवसांत आमच्याकडच्या शाळांना पोरांच्या भल्याची आठवण होते. गॅदरिंग उरकलेलं असतं, परीक्षेला अजून वेळ असतो, आणि मधल्या मोकळ्या दिवसांत कुणीतरी वक्ता बोलवायचा असतो. काल असाच एका हेडमास्तरांचा फोन आला. "सर, पोरं लई बिघडून राहिलीत. गुटख्याची पुडी तोंडात टाकल्याबिगर वर्गात बसत न्हाईत. तुमी येऊन दोन शब्द सांगा." मी येतो म्हणालो, फोन ठेवला आणि बराच वेळ शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून राहिलो.

एकेकाळी मी या दोन शब्दांवर पाऊण तास बोलायचो. न थांबता, न अडखळता, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर बोलायचो.

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. मी डी.एड. करून घरी बसलेलो. बरोबरीचे मित्र कुणी पुण्याला कंपनीत, कुणी औरंगाबादला. गावात शिकून रिकामा बसलेला माणूस म्हणजे सगळ्यांना फुकटचा विषय. पारावरून गेलं की कुणीतरी विचारायचंच, "काय मास्तर, शाळा कवा सापडणार?" अशात तालुक्यातल्या एका व्यसनमुक्ती मंडळानं तरुण वक्ते हवेत म्हणून कळवलं आणि मी गेलो. समाजसेवेचा उमाळा वगैरे काही नव्हता. घरातून रोज कुठंतरी निघायला कारण हवं होतं, एवढंच.

मंडळातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला. "आकडे सांगू नको. आकड्यानं पोरं हलत न्हाईत. घरातलं सांग. घरातलं हाय का काही?"

घरातलं होतं. त्याच पावसाळ्यात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नांदेडला ऑपरेशन झालं होतं. डाव्या गालात तंबाखू धरायची तीस वर्षांची सवय. आधी पांढरा चट्टा, मग तोंड उघडेना, मग जखम. डॉक्टरांनी डावा जबडा बराचसा काढला. अण्णा वाचले. पण वाचले ते अर्ध्या चेहऱ्यानं. बोलणं घरच्यांखेरीज कुणाला कळेना, पाणी पिताना ओघळायचं, म्हणून हातात कायम एक दस्ती, आमच्याकडचा साधा हातरुमाल, आणि तो सतत तोंडावर. जेवण भाकरी दुधात कुस्करून, तेही गोठ्यात, भिंतीकडं तोंड करून. आई ताट ठेवून निघून यायची. मागे वळून पाहायचं नाही, असा अलिखित कायदाच होऊन गेला होता घरात.

त्याहून वेगळी एक गोष्ट झाली होती, ती मला जरा उशिरा कळली. आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी पाच-सहा माणसं बसायची. अण्णा चंची सोडायचे, डाव्या तळहातावर तंबाखू घ्यायचे, नखानं चुना लावायचे आणि अंगठ्यानं मळत मळत बोलत राहायचे. मळून झाली की तळहात पुढं व्हायचा. पहिली चिमूट दुसऱ्याची, आपली शेवटची, ही रीत. भावकीतलं भांडण असो की एखाद्या पोरीच्या लग्नाची बोलणी, तो तळहात पुढं आला आणि समोरच्यानं चिमूट उचलली की अर्धं काम झालं. ज्याच्याशी बोलचाल बंद, त्याच्या तळहातावरची तंबाखू माणूस घेत नाही. अण्णांनी तंबाखू सोडली आणि महिन्याभरात ओसरी रिकामी झाली. कुणी वाईट नव्हतं. सुरुवातीला आले, बसले. पण हातांना काम नाही, तळहात पुढं येत नाही, आणि अण्णांचं बोलणं कळत नाही. काय बोलावं ते सुचेना. मग आज हा नाही, उद्या तो नाही. शेवटी अण्णा एकटेच ओसरीच्या कडेला बसायचे, रस्त्यानं जाणाऱ्याकडं बघत, आणि जाणारा लांबूनच हात वर करून पुढं जायचा.

आमच्या भाषणांत आम्ही पोरांना सांगायचो, तंबाखू सोडा, आयुष्य फुलेल. सोडल्यावर संध्याकाळी सोबत कोण बसेल, हे कुणी सांगत नव्हतं.

सुरुवातीच्या दोन-तीन शाळांत मी अण्णांचं जसं घडलं तसं सांगितलं. पोरं ऐकायची. जबडा काढला म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या पोरी तोंडावर हात धरायच्या. पण "ऑपरेशन झालं, आता बरे आहेत" इथं आलो की सगळ्यांचे खांदे सैल पडायचे. मागं कुजबुज सुरू व्हायची. पोरांचा हिशेब सरळ असतो: बरे आहेत ना? मग झालं तर!

गोरेगावच्या शाळेत ते वाक्य निघून गेलं. थंडी चांगलीच होती, पोरं मैदानात सतरंज्यांवर, मुली एका बाजूला, मुलं एका बाजूला. माइक मधेच शिट्टी मारायचा. मी त्याच जागी आलो, ऑपरेशन झालं म्हणालो, मागची कुजबुज सुरू होताना ऐकली, आणि तोंडातून निघून गेलं, "पण अण्णा राहिले नाहीत."

सगळं शांत झालं. माइकसुद्धा गप्प बसला म्हणा ना. मी ठरवून बोललो नव्हतो, हे अगदी खरं आहे. पण ती शांतता पसरल्यावर मी वाक्य मागे घेतलं नाही, हेही तेवढंच खरं. उलट आवाज खाली आणला. शेवटच्या दिवशी त्यांनी माझा हात कसा धरला, ते सांगितलं. त्यांनी माझा हात आयुष्यात कधी धरला नव्हता. भाषण संपलं आणि मागच्या रांगेतला एक मोठा पोरगा उठून पुढं आला, खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली आणि खाली मान घालून परत गेला. मग दुसरा. मग रांगच लागली. टेबलावर पुड्यांचा ढीग बघून हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला शाल दिली, नारळ दिला. परतीच्या काळी-पिवळी जीपमध्ये मागं अवघडून बसलो होतो, मांडीवर नारळ होता, आणि मी खूश होतो. लाज वाटली नाही का? वाटली. सेनगाव येईपर्यंत.

टाळ्यांची चटक लागते असं म्हणतात. शांततेची चटक त्याहून वाईट. पुढच्या शाळेत मी ते वाक्य कधी येतं याची स्वतःच वाट बघत होतो. त्याच्या पुढच्या शाळेत त्याच्या आधी थोडं थांबायला शिकलो. पोरांना व्यसन सोडा सांगत गावोगाव हिंडणारा मी, एका वाक्याला असा लागलो होतो की ते घेतल्याशिवाय मला राहवेना. पुड्या तर खरोखर पडत होत्या. मी मनाला सांगायचो, एवढ्या लेकरांचं भलं होत असेल तर एका खोट्यानं काय बिघडतं? व्यसनी माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत. आणि आईची मिश्री? ती भाषणात कधीच आली नाही. तिच्या जिवावर घर चाललं होतं. तिला बोलायची कुणाची छाती!

संध्याकाळी घरी आलो की अण्णा ओसरीवर असायचे. मी चपला काढायच्या आत दस्तीआडून विचारायचे, "किती लेकरं होते?"

"दोनशे असतील."

"ऐकले का?"

"बराबर ऐकले. पुड्या टाकल्या."

ते मान हलवायचे. डोळे तेवढे हसायचे. गावात माझी चौकशी रोज व्हायची, पण मी काय करून आलो हे जाणून घ्यायला वाट बघत बसलेला माणूस एकच होता. आणि मी काय बोलतो हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती. माझं सगळं नाव त्यांच्या मरणावर उभं होतं आणि ते मात्र रोज संध्याकाळी माझ्यासाठी बसून राहत होते. त्यांना कळलं तर काय, या विचारानं मी ओसरीची पायरी खाली मान घालूनच चढायचो.

एकदा त्यांनी विचारलं, "जवळ्याला कवा हाय?"

"बुधवारी," मी म्हणालो आणि आत गेलो. त्यांनी का विचारलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ऑपरेशनपासून अण्णांनी गावाची वेस ओलांडली नव्हती.

जवळा बाजारची शाळा आमच्यापासून जवळ. त्या दिवशी माझं भाषण आजवरच्यात उत्तम झालं. ते वाक्य आलं, शांतता आली, पुड्या आल्या. आभार मानून झाले. ऑफिसात चहा घेत होतो तेव्हा एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. सुरेखा. आमच्या गावाजवळच्या तांड्यावरची. तिची आई आणि ती आमच्या शेतात कापूस वेचायला यायच्या, त्यामुळं घरच्या सगळ्यांना ओळखायची. तिनं तांब्या ठेवला, हेडमास्तर दाराकडं गेलेत असं बघितलं आणि हळूच म्हणाली, "सर, अण्णा आलते. लिंबाखाली मागं बसलते."

"कवा?"

"पहिल्यापासून. आत्ता गेले स्टँडकडं." मग म्हणाली, "मी कोणाला सांगत न्हाई."

मी चहा तसाच ठेवून निघालो. स्टँडवर जीप भरत होती. अण्णा खिडकीशी बसलेले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा नाही पण घडीचा सदरा. लग्नाला निघावं तसे तयार होऊन आले होते. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी अंग चोरून मला जागा दिली, तेवढंच. ड्रायव्हर ओरडून माणसं भरत होता, कुणाची तरी कोंबडी पायांत फडफडत होती, आणि आम्ही दोघं बापलेक एकमेकांना चिकटून, पण कित्येक कोस लांब बसलो होतो. गाव आलं. ते उतरून पुढं चालू लागले. मी मागून. त्या संध्याकाळी त्यांनी काहीच विचारलं नाही.

पुढचे दोन दिवस तुरी कापायचे होते. अण्णा एका ओळीत, मी दुसऱ्या. विळ्याचा आवाज, वाळल्या शेंगांचा आवाज, दुसरं काही नाही. एवढ्या मोठ्या रानात माणूस माणसापासून किती दूर असू शकतो, ते मी त्या दोन दिवसांत पाहिलं. मी मनात शंभर वेळा वाक्य जुळवलं. अण्णा, चुकलं. पाऊण तास न अडखळता बोलणाऱ्याला दोन शब्द जमेनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच थांबले. पेंढी बांधता बांधता म्हणाले, "लेकरं खरंच पुड्या टाकतेत का?"

"टाकतेत."

"मी हाय म्हणलं तं?"

मी खाली बघितलं. "तवा न्हाई टाकत."

त्यांनी पेंढीची गाठ आवळली. दस्तीनं ओठ पुसले. "मंग राहू दे मेलेलाच," ते म्हणाले. "मी तसाबी कोणाला दिसून राहिलो?"

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. माणूस रागावला की त्याच्या पाया पडता येतं. ते अगदी साधं बोलले, पेंढी तिकडं ठेव म्हणावं तसं. मी धुऱ्यापलीकडं गेलो आणि रडलो. मोठ्यानं रडलो. रानात कुणी नव्हतं.

आता या गोष्टीला काही वर्षं झालीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. अण्णा मागच्याच्या मागच्या साली गेले, झोपेतच. त्यानंतर पहिल्यांदा भाषणाला उभा राहिलो तेव्हा ते वाक्य खरं झालं होतं, पण मी घेतलं नाही. त्यावर माझा हक्क उरला नव्हता. आता नवे वक्ते येतात. गळ्याला माइक लावून मैदानभर फिरत बोलतात, पोरांना उड्या मारायला लावतात, "मी करू शकतो!" असं ओरडून घेतात. पोरं ओरडतात. मी मागं खुर्चीत बसून बघतो आणि मला ओरडणाऱ्या पोरांपेक्षा त्या वक्त्याचंच जास्त वाटतं. संध्याकाळी हा एकटाच नारळ घेऊन कुठल्या तरी गाडीत बसणार. घरी त्याला कुणी विचारतं का, किती लेकरं होते म्हणून?

पण मला सांगायचंय ते कळमनुरीचं.

कळमनुरीच्या शाळेचं आधीच ठरलेलं होतं. राहू दे मेलेलाच, असं अण्णा म्हणाल्यावर चौथ्या दिवशी. जाऊ नये असं वाटत होतं, पण गेलो. उभा राहिलो. त्या जागी आलो आणि म्हणालो, "माझे वडील जिवंत आहेत. मी आतापर्यंत सात-आठ शाळांत ते गेले असं खोटं सांगितलं." मागं कुणीतरी फिसकन हसलं. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं. मी सांगत राहिलो. ते भिंतीकडं तोंड करून जेवतात, सांगितलं. ओसरी कशी रिकामी झाली, सांगितलं. पहिल्यांदाच अडखळत बोलत होतो. पोरं चुळबुळत होती, दोन मास्तर आपसांत बोलायला लागले होते. त्या सात-आठ शाळांना मी आजवर काही कळवलेलं नाही, तेही इथं कबूल करतो. भाषण संपल्यावर दोन पोरं उठली. दोनच. दोन पुड्या टेबलावर ठेवल्या. शाल मिळाली नाही.

घरी आलो. अण्णा ओसरीवर होते. जवळ्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "किती?"

"दोन."

"दोनच?"

"तुमी हायेत असं सांगितलं."

ते रस्त्याकडं बघायला लागले. मला वाटलं, दुखावले. जिवंत असण्याची किंमत दोन पुड्या, असं कुणाला ऐकावंसं वाटेल? मग त्यांनी विचारलं, "नावं काय त्यांची?"

मला नावं माहीत नव्हती. त्या हिवाळ्यात शेकड्यानं पोरं माझ्यासमोर बसली, पुड्यांचे ढीग लागले, आणि मी एकालाही नाव विचारलं नव्हतं.

"इचारायचं असतं," अण्णा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "त्या लेकरांसंगं आता कोण बसत असंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिंगोलीवरून पुन्हा कळमनुरी गाठली. मुख्याध्यापकांना वाटलं, शाल मागायला आलो की काय. शिपायानं सांगितलं, दोघांतला एक आज आलेला नाही, दुसरा आहे. मधली सुट्टी झाली. पोरांचा एक घोळका पुड्या फोडत पाण्याच्या टाकीमागं गेला. एक काटकुळा पोरगा नववीच्या बंद वर्गाच्या पायरीवर बसून राहिला. मी जाऊन शेजारी बसलो. तो दचकला.

"सर, कालचं खरं हाय का? तुमचे बाबा हायेत?"

"हायेत."

त्यानं टाकीकडं बघितलं. तिकडून हसण्याचा आवाज येत होता. म्हणाला, "सुट्टी लई मोठी असती सर, आता."

मी घंटा होईपर्यंत नुसता त्याच्याजवळ बसलो. उठताना नाव विचारलं.

संध्याकाळी अण्णांना म्हणालो, "एकाचं नाव प्रताप. एकटाच बसला होता." अण्णांनी ते नाव म्हणून बघितलं. 'प'ला दोन्ही ओठ मिटावे लागतात, त्यांचे डावीकडं मिटत नव्हते. नुसता वारा आला. पुन्हा म्हणाले. नाही आलं. आई भाकरी थापायची थांबून दारात येऊन उभी राहिली. मी बोटानं त्यांच्या ओठाची डावी कड वर धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याला हात लावला. तिसऱ्या वेळी नाव आलं, पुरतं नाही, पण कुणालाही कळेल असं.

"उद्या पुन्हा चाल," अण्णा म्हणाले. "मीबी येतो. सुट्टीभर बसू त्याच्यापाशी."